आमची वाटचाल : फलकावर नाव कुणाचं?

सुरुवातीला आमच्याकडे काय यायचं नाही ते विचारा. कोनशिला, दारावरच्या पाट्या, ट्रॉफीच्या बुडाला लावायच्या पट्ट्या, दवाखान्यांचे बोर्ड. आम्ही दोघंच होतो, मी छिन्नीवर आणि पेंटरकाका ब्रशवर. काकांनी अक्षर आखायचं, मी कोरायचं. भागीदारीचा कागद वगैरे काही नव्हता. महिनाअखेरीला गल्ला उघडायचा आणि दोन वाटे करायचे, झालं.

काकांनी घालून दिलेली एक शिस्त आजही वर्कशॉपमध्ये मोडली जात नाही. देवनागरी आखताना शिरोरेघ सगळ्यात शेवटी. आधी अक्षरांची पोटं बघा, काने मोजा, कुठे रफार येतोय, कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर झुकतेय ते बघा, मग वरून रेघ ओढा. कॉम्प्युटरवरचा फॉन्ट जसाच्या तसा दगडावर उतरवला की काय होतं हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. ‘घ’ आणि ‘ध’च्या डोक्यापाशी दगडाची एक कागदासारखी पातळ कड उरते. पॉलिशच्या वेळी तिथून टवका उडतो आणि अख्खी फरशी बाद होते. काका ती जागा मुद्दाम केसभर रुंद ठेवायचे. बघणाऱ्याला कळायचंही नाही, पण फरशी वाचायची. आता स्टेन्सिल आणि वाळूच्या फवाऱ्यानं कोरायचं सँडब्लास्टिंग आलं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आलं, आम्हीही घेतलं. पण फाइल मशीनला लावण्याआधी प्रत्येक ओळ अजून हातानं सुधारली जाते. काकांच्या वेळची पाव इंची छिन्नी माझ्याकडे आहे. घासून घासून निम्मी झाली आहे, तरी ‘क्ष’च्या गाठीसाठी तीच लागते.

स्मृतिफलक हे काम आम्ही निवडलं नाही, ते सरांमुळे आमच्याकडे आलं. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मजकूर लिहून आणायचे आणि स्टुलावर बसून प्रूफ होईपर्यंत हलायचे नाहीत. धंद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर इतकं वेळखाऊ गिऱ्हाईक दुसरं नाही. एका शब्दासाठी आठवडा घालवायचे. ‘येथे जन्मले’ म्हणायचं तर जन्म याच घरात झाल्याचा पुरावा काय? नसेल तर ‘येथे राहत होते’ लिहा. घर पाडून नवी इमारत उभी राहिली असेल तर तेही चालणार नाही, ‘या जागी असलेल्या घरात’ असंच लिहा. पुण्यातल्या भिडेवाड्याचं उदाहरण आता सगळ्यांना ठाऊक आहे. १८४८ मध्ये फुले दांपत्याची मुलींची शाळा तिथे भरली, आणि तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. घटना तीच, पत्ता तोच, पण फलकावरचं वाक्य बदलावं लागतं. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर फलक लावायची योजना सुरू झाली तेव्हा १८६७ साली पहिला फलक कवी बायरनच्या जन्मघरावर लागला होता. ते घर १८८९ मध्ये पडलं, त्याबरोबर फलकही गेला. सर हे इतक्या वेळा सांगायचे की आमच्या पोऱ्यालाही पाठ झालं होतं.

तारखांच्या बाबतीत तर ते कुणाचंच ऐकायचे नाहीत. शक आणि सन दोन्ही हवेत, हा त्यांचा हट्ट. शकात ७८ मिळवले की सन निघतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सरळ ७८ मिळवलेत तर १६२९ येतं आणि महाराज वर्षभर आधी जन्मतात. खरी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि तीही जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं ती १ मार्च होते. कागदावर चूक झाली तर खोडता येते. दगडावर झाली तर पुढच्या शंभर वर्षांतली पोरं तीच तारीख वहीत उतरवणार. म्हणून आजही शकाचं वर्ष असलेला मजकूर आला की आमच्याकडे दोघं जण वेगवेगळी बेरीज करतात आणि मगच फाइल पुढे जाते.

त्यानंतरची बरीच वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

मग ती ऑर्डर आली. एका कार्यालयानं जुन्या इमारतींसाठी ब्रॉन्झचे फलक एकदम करायला दिले. एवढं मोठं काम आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मजकूर सरांनी तपासले, समितीनं सह्या केल्या. आम्ही पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, केले, धातू उधारीवर उचलला आणि ओताऱ्याकडे साचे लावले. ओतीव फलकात अक्षर उठावाचं असतं. तळाला खरबरीत पोत द्यायचा, त्यावर काळपट तपकिरी रंग चढवायचा, मग अक्षरांचे माथे तेवढे घासून चमकवायचे. ऊन तिरपं आलं की मजकूर लांबून वाचता येतो. बरेच फलक ओतून झाले होते आणि साहेबांची बदली झाली.

नव्या साहेबांनी बोलावून सांगितलं, “मॅटर बदलायचंय.” कागद हातात घेतला. ज्यांचा फलक त्या व्यक्तीला दोन ओळी. खाली ‘यांच्या शुभहस्ते’, मग प्रमुख उपस्थिती, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य, अशा सात ओळी. शुभहस्तेवाल्यांची अक्षरं थोरल्या माणसाच्या नावापेक्षा मोठी. मी म्हटलं, “साहेब, पाहुण्यांची नावं वेगळ्या छोट्या पट्टीवर देतो, दाराच्या आत लावू. पट्टीचे पैसेही नकोत.” लंडनला हाउली प्लेसमधल्या १० नंबरच्या घरावर लोकमान्यांचा फलक १९६१ पासून आहे, त्याचा फोटो दाखवला. नाव, १८५६-१९२०, भारतीय देशभक्त व तत्त्वज्ञ, येथे १९१८-१९१९ मध्ये राहत होते. एवढंच. अनावरण कुणी केलं याचा त्यावर मागमूस नाही. साहेब म्हणाले, “ते लंडन आहे.”

फाइल बसली ती बसलीच. ओतलेले फलक गोणपाटात गुंडाळून भिंतीला उभे, धातूवाला दर सोमवारी दारात. एका कारागिराला दुसरीकडे जा म्हणून सांगावं लागलं. आणि काम गेलं कुणाकडे? जो कालपर्यंत बक्षिसांच्या ढालींवर लेझरनं नावं उमटवायचा, त्याच्याकडे. नाव घेत नाही. त्यानं निविदेत ‘ब्रॉन्झ फिनिश’ लिहिलं. ब्रॉन्झ म्हणजे तांबं आणि कथील. ‘ब्रॉन्झ फिनिश’ म्हणजे सोनेरी पत्र्यावर चिकटवलेलं व्हायनिल, म्हणजे प्लॅस्टिकचं स्टिकर. निविदा उघडणाऱ्याला फिनिश हा शब्द दिसला नाही, दर तेवढा दिसला. पाहुण्यांच्या सातही ओळी त्यानं हसत हसत घातल्या, वर फोटोही छापून दिले.

आम्ही तरलो ते सरांमुळे. त्यांनी त्या इमारतींची यादी घेतली आणि एकेका इमारतीत जाऊन बसले. कुठे रहिवाशांची सोसायटी, कुठे वारसदार, कुठे माजी विद्यार्थी. ‘फलक तयार आहे, मजकूर तपासलेला आहे, तुमच्याच भिंतीसाठी केलाय.’ गोणपाटातून एकेक फलक बाहेर निघाला. सगळे नाही गेले, पण धातूवाल्याची उधारी फिटली. सरांनी कमिशन सोडाच, रिक्षाचं भाडंही घेतलं नाही. वर प्रत्येक फलक लावताना शिडी धरायला हजर. एका ठिकाणी अनुस्वार नीट घासला गेला नाही म्हणून त्यांनी मला शिडीवर परत चढवलं, तेही भर उन्हात.

त्या सोनेरी पत्र्यांचं काय झालं ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. व्हायनिलचे कोपरे उचकटले, ‘स्वातंत्र्यसैनिक’मधला ‘स्वा’ गळाला, साध्या लोखंडी स्क्रूंचा गंज ओघळून भिंतीवर आला. तरी त्याचा धंदा आमच्यापेक्षा मोठा आहे, हे मान्य करायला हवं. खटकतं ते वेगळंच. त्याच्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर जो फलक आहे, तो आमचा आहे. ‘ध’ ओळखू येतो की.

विषय निघालाच आहे तर फलक लावणाऱ्यांनी चार गोष्टी ऐकून ठेवा, कुणी विचारत नाही तरी सांगतो. जुन्या दगडी भिंतीत भोक पाडायचं तर दगडात नाही, दोन दगडांमधल्या सांध्यात पाडा. पुढे फलक काढला तर सांधा भरता येतो, दगड नाही. चुन्याच्या बांधकामात सिमेंट कोंबू नका. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. लोखंड गंजलं की फुगतं आणि फरशीचा कोपरा उडवतं. धातूचा फलक भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर फट ठेवा म्हणजे पाणी निथळेल. अक्षराचा हिशोब सोपा आहे: वाचणारा दहा फुटांवर असेल तर एक इंच अक्षर, वीस फुटांवर असेल तर दोन. त्यात मात्रा-उकार धरायचे नाहीत, ओळींमध्ये त्यांना वेगळी जागा सोडायची. संगमरवरावर बाथरूमचं अॅसिड ओतणाऱ्याला मी काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही. तो दगड चुन्याचाच भाऊ, अॅसिडनं फसफसतो आणि अक्षरांच्या कडा जातात. साधं पाणी, मऊ ब्रश. ब्रॉन्झला वर्षातून एकदा मेण. हिरवट झाक आली म्हणून घाबरून घासत बसू नका.

मजकूर कमी ठेवा. जर्मनीत गुंटर डेमनिग या कलावंतानं १९९२ पासून नाझींच्या बळींच्या घरांसमोर फुटपाथवर पितळी पत्रा चढवलेले ठोकळे बसवले आहेत, तळहाताएवढे, अक्षर अन् अक्षर हातानं ठोकलेलं. सुरुवात बहुधा ‘येथे राहत होते’ अशीच, मग नाव, जन्मसाल आणि त्या माणसाचं काय झालं. आता युरोपभर मिळून लाखाहून जास्त ठोकळे झाले. सरांना मी ते फोटो दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बघ, ‘राहत होते’ आहे ना!” सर आता नाहीत.

गेल्या वर्षी त्याच कार्यालयाची निविदा पुन्हा निघाली. वाचायला घेतली तर तांत्रिक अटींचं पान ओळखीचं वाटलं. धातूचं प्रमाण, अक्षरांची उंची, स्टेनलेसचे स्क्रू, मागची फट, सगळं आमच्या जुन्या कोटेशनमधून शब्दशः उचललेलं, ‘खरबरीत’ची वेलांटी आम्ही चुकवली होती ती तशीच. आम्ही दर भरला आहे. खाली एक ओळ जास्तीची टाकली आहे: पाहुण्यांची नावं वेगळ्या पट्टीवर, दाराच्या आत, विनामूल्य.