पेवाला इंग्रजीत काय म्हणतात?

मी आठवीत असताना सांगलीच्या आमच्या शाळेत पहिल्यांदा इंग्लिश कार्निव्हल, म्हणजे मुलांनी स्टॉल मांडून इंग्रजीत बोलायचा मेळा, भरले. ते नाव आमच्या तोंडी बसेना, म्हणून सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमेश्वराच्या जत्रेवरून आम्ही त्याला ‘इंग्रजीची जत्रा’ म्हणू लागलो आणि इंग्रजीच्या बाईंनीही ते आनंदाने मान्य केले. त्या काळी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे (पहिलीपासून ते २००० मध्ये आले), त्यामुळे आमच्यापाशी जेमतेम तीन वर्षांचे आणि तेही फळ्यावरचे इंग्रजी होते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटकाचा प्रयोग केला, त्या गावच्या आम्हा मुलांना पाठ केलेले संवाद म्हणून दाखवणे अवघड नव्हते. पण बाईंना नेमके तेच नको होते.

पहिले दोन आठवडे त्यांनी केवळ उच्चारांना दिले. मराठीत एका ‘व’वर आपले भागते, इंग्रजीत दोन लागतात, ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत आणि ‘वेल’ म्हणताना ओठांचा चंबू झाला पाहिजे, हे त्यांनी प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा देऊन करून घेतले. ‘झू’ मात्र लवकर जमले, कारण ‘जेवण’ आणि ‘जावई’ यांतले दोन निराळे ‘ज’ आपण जन्मापासून उच्चारतो आणि जावयातला ‘ज’ त्या इंग्रजी ध्वनीच्या जवळचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. मुलाच्या तोंडात आधीपासून काय आहे ते पाहून शिकवणारे शिक्षक मला पुढे फार थोडे भेटले.

प्रत्येक गटाने सांगलीतल्या एका गोष्टीचा स्टॉल मांडायचा होता. कोणी १९२९ चा आयर्विन पूल घेतला, कोणी भडंग. माझे वडील हळदीच्या पेठेत हमाली करत असल्यामुळे आमच्या गटाकडे हळद आली. नियम असा होता की पाच वाक्ये पाठ करायची आणि बाकीचे, समोरचा विचारेल तसे, आपल्या शब्दांत सांगायचे. त्यासाठी शाळा सुटल्यावर सातवीची मुले गिऱ्हाईक होऊन येत आणि वाटेल ते प्रश्न विचारून आम्हाला घाम फोडत.

माझी खरी अडचण शब्दांची होती. हळकुंडाला काय म्हणावे ते वर्गात कोणालाच, बाईंनाही, ठाऊक नव्हते. वडिलांनी अडतीवरून आणलेल्या एका रिकाम्या पोत्यावर ‘टर्मरिक फिंगर्स’ असे छापलेले सापडले. हळकुंड म्हणजे बोट आणि गड्डा म्हणजे बल्ब, हे कळल्यावर बाईंनी ते पोतेच स्टॉलच्या मागे टांगले. हरिपूरच्या पेवांचे मात्र काही केल्या जमेना. जमिनीत खोल खणलेल्या ज्या बंद खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे, त्यांना शब्दकोशात मनासारखा शब्द मिळत नव्हता. बाई म्हणाल्या, “शब्द नसला तर वस्तू सांग. तुझ्याजवळ ‘होल’ आहे, ‘डीप’ आहे, ‘ग्राउंड’ आहे. आणखी काय हवे?”

कार्निव्हलच्या दिवशी पालकांना एकेक चिठ्ठी मिळाली होती, तिच्यावर देवनागरीत एक इंग्रजी प्रश्न लिहिलेला असे. माझ्या वडिलांनी तो आठ दिवस घोकला होता. धुतलेला सदरा घालून ते स्टॉलपुढे उभे राहिले आणि चिठ्ठीकडे न पाहता म्हणाले, “व्हेअर डू यू कीप इट?” मी खोल खड्ड्याचे वर्णन केले. ते ऐकून ते थांबले आणि मग न राहवून मराठीत म्हणाले, “आणि पेव उघडल्यावर काय करतात, ते सांगितलं नाहीस.”

ते पाठ केलेले नव्हते. बाई मागेच उभ्या होत्या, त्यांनी एक शब्दही पुरवला नाही. मी म्हणालो, “फर्स्ट वी ओपन द माउथ. वी वेट. देन वी सेंड अ लॅम्प डाउन. इफ द लॅम्प डाइज, नो मॅन गोज.”

वडिलांनी त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला. आणि मग त्यांनी ते शेवटचे वाक्य मला पुन्हा एकदा, सावकाश म्हणायला लावले.