अंजन इथे तण, कुसळी इथे शोभेची

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, टूसॉनला वर्षाचा पाऊस जेमतेम २८० मिलिमीटर. त्यातला साधारण निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि इथले लोक त्याला चक्क मान्सून म्हणतात. जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर. अशा गावात हिरवळ राखायची म्हणजे नळाचं पाणी नुसतं ओतत बसायचं. म्हणून अंगणात खडी, निवडुंग आणि मधूनमधून शोभेच्या गवताचे ठोंब.

माझ्याकडे सगळ्यात जास्त आहे ते डियर ग्रास. कंबरेएवढं वाढतं, चारही बाजूंनी कारंज्यासारखं झुकतं आणि वर्षभर तग धरतं. दुसरं रीगल मिस्ट. नऊ-दहा महिने त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण ऑक्टोबरमध्ये तुरे आले की अंगणावर गुलाबी धुकं उतरतं. हे पश्चिमेच्या बाजूला लावावं, म्हणजे मावळतीचं ऊन तुऱ्यांतून आरपार येतं.

खरी मेहनत खड्ड्याची. खाली कॅलिची लागतो, म्हणजे चुन्याने सिमेंटसारखा घट्ट झालेला थर. पहारेशिवाय काम होत नाही. खड्डा झाला की पाण्याने भरून बघायचा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर सरळ जागा बदलायची. इथला साधा हिशेब असा, की गवत खळग्यात आणि निवडुंग उंचवट्यावर. छपराचं पाणी खळग्यात वळवलं की पावसाळ्यात नळ उघडावा लागत नाही. पहिला उन्हाळा ठिबक हवंच; पुढे पाणी क्वचित द्यायचं, पण द्यायचं तेव्हा खोलवर. खत देऊच नये, गवत माजतं आणि आडवं पडतं. कापणी फेब्रुवारीच्या शेवटी, आणि डियर ग्रासची तर दोन-तीन वर्षांतून एकदाच. इथले माळी मात्र भर उन्हाळ्यात यंत्राने त्याचे गोल चेंडू करून ठेवतात. त्यांना कोणी आवरा!

आता अंजनाबद्दल. आपल्याकडे कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात तेच अंजन गवत. इथे त्याला बफेलग्रास म्हणतात आणि त्याचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. १९३०च्या दशकात सरकारनेच ते गुरांसाठी आणि मातीची धूप थांबवायला आणलं. पुढे ते डोंगरउतारांवर पसरलं. इथल्या सोनोरन वाळवंटात झाडाझाडांमध्ये उघडी जमीन असते, त्यामुळे आग लागली तरी ती पुढे सरकत नसे. अंजनाने नेमक्या त्या मोकळ्या जागा भरल्या. वाळलं की ते भडाभडा पेटतं, आणि दीडशे-दोनशे वर्षं जगू शकणाऱ्या साग्वारो निवडुंगाला आगीची सवयच नाही. साग्वारो राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक पहारी घेऊन हे गवत मुळासकट उपटतात. तणनाशक फवारायचं तर गवत हिरवं असावं लागतं, म्हणजे पावसानंतरचे मोजके आठवडेच हाताशी.

त्याचंच भावंड फाउंटन ग्रास. दिसायला इतकं देखणं, की पूर्वी लोकांनी हौसेने अंगणात लावलं. आता अ‍ॅरिझोनात तेही उपद्रवी तणांच्या यादीत आहे. जुनं घर घेणाऱ्याने अंगणात आधी हे शोधावं.

आणि कुसळी? आपल्या माळरानावरची, चपलेत आणि साडीच्या काठात घुसणारी कुसळी इथे मूळची मानतात. इंग्रजी नाव टँगलहेड. कुसळं एकमेकांत पिळून वेणी घालतात, त्यावरून. देशी रोपं विकणाऱ्यांकडे तिचं बी मिळतं. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, पैसे देऊन कुसळं? इकडे ये, पोतंभर देते."

मी या पावसाळ्यात ती मागच्या कुंपणाशी लावणार आहे, पायवाटेपासून चांगली लांब.