जुजुरानाच्या जंगलात दोन दिवस

शेवटी एकदाचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जाऊन आले! कुल्लू जिल्ह्यात आहे, २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, आणि आत गाडीरस्ताच नाही, त्यामुळे सगळं पायीच. परमिट मात्र आधी काढा. गुशैनीहून तीर्थन नदीच्या कडेकडेने रोल्लाच्या कॅम्पपर्यंत चाललो, देवदार, ओल्या मातीचा वास, आणि पाण्याचा आवाज तर एक मिनिट साथ सोडत नाही, रात्री टेंटमध्ये पण तोच. जुजुराना म्हणजे हिमाचलचा राज्यपक्षी, तो काही दिसला नाही, फार लाजाळू असतो, पण त्याच्या जंगलात आपण आहोत या विचारानेच मला कितीतरी वेळ झोप लागली नाही.