छोट्या कर्नलची प्रगती : पीटरसन, फेन्स आणि तिकीट लॉक

मी लिहीत असलेल्या छोट्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, या खेपेला शेड्युलरला हात लावला नाही, फाइल सिस्टमलाही नाही. सगळा वेळ लॉकवर, म्हणजे सामाईक डेटाला एका वेळी एकालाच हात लावू देणाऱ्या कुलपांवर, घातला आणि तो सत्कारणी लागला. कर्नल अजून ६४ बिटी रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठीच आहे आणि क्यूईएमयू या एम्युलेटरच्या 'व्हर्ट' नावाच्या आभासी मशीनवर चार कोअर घेऊन चालतो. अडलं की एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टमचा सोर्स उघडतो. शिकायला त्याहून स्वच्छ कोड मला तरी माहीत नाही.

चाचणी सगळ्यांच्या ओळखीची : एक सामाईक काउंटर, प्रत्येक कोअर त्यात एक-एक मिळवत राहतो. 'एक मिळवा' ही सीमधली एक ओळ, पण प्रोसेसरसाठी तीन कामं : मेमरीतून वाचा, मिळवा, परत लिहा. दोन कोअरनी एकाच वेळी ४१ वाचलं तर दोघंही ४२ लिहितात आणि एक वाढ हवेत विरते.

लॉकची सुरुवात मी मुद्दाम पीटरसनच्या अल्गोरिदमपासून केली. नुसत्या वाचण्या-लिहिण्यावर प्रोसेसना एकमेकींच्या वाटेतून दूर कसं ठेवायचं, हा प्रश्न डाइक्स्ट्रानं १९६५ मध्ये कितीही प्रोसेससाठी सोडवला. त्याआधी डेकरनं तो दोन प्रोसेससाठी सोडवला होता. गॅरी पीटरसनची १९८१ ची रीत मात्र इतकी आटोपशीर आहे की एकदा समजली की विसरत नाही. आपला फ्लॅग वर करा, पाळी समोरच्याला द्या, आणि समोरच्याचा फ्लॅग वर असेल व पाळीही त्याचीच असेल तोवर थांबा. सिद्धता कागदावर पाच मिनिटांत होते.

ती सिद्धता एक गोष्ट गृहीत धरते : लिहिलेलं लगेच सगळ्यांना दिसतं. खऱ्या प्रोसेसरवर तसं नसतं. लिहिलेली किंमत आधी त्या कोअरच्या स्टोअर बफरमध्ये, म्हणजे लेखनांच्या तात्पुरत्या रांगेत, जाते, आणि ती मेमरीपर्यंत पोचायच्या आत पुढचं वाचन उरकूनही जातं. दोघांनी आपापले फ्लॅग वर केलेले असतात, तरी दोघांनाही समोरचा फ्लॅग खालीच दिसतो. दोघंही आत!

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कर्नलचीही गरज नाही. एक्स८६ लॅपटॉपवर सीमध्ये दोन थ्रेड लिहिले, सगळी चलं व्होलाटाइल ठेवली (म्हणजे कंपायलर त्यांची वाचनं-लेखनं गाळत नाही) आणि थ्रेड दोन वेगळ्या कोअरवर बांधले. एक्स८६ तसा शिस्तीचा प्रोसेसर, पण आधीचं लेखन आणि नंतरचं दुसऱ्या पत्त्यावरचं वाचन यांची अदलाबदल तोही करतो. बेरीज कमी भरली. तूट थोडीच, पण ती असते. पाळी लिहिणं आणि समोरचा फ्लॅग वाचणं यांच्यामध्ये एकच 'एमफेन्स' घातला की बेरीज चोख. फेन्स म्हणजे आधीचं लेखन सगळ्यांना दिसल्याशिवाय पुढचं वाचन होऊ न देणारी सूचना. दोन्ही थ्रेड एकाच कोअरवर बांधले तर फेन्स नसतानाही तूट येत नाही, कारण कोअरला स्वतःचं लेखन नेहमी क्रमानंच दिसतं. जुन्या एककोअरी मशीनवर हा दोष का दिसला नसता, ते इथे लख्ख कळतं. हा प्रयोग प्रत्येकानं करावाच.

रिस्क-फाइव्हचे मेमरीचे नियम आणखी सैल आहेत. तिथे दोन लेखनांचीही अदलाबदल चालते, म्हणून फेन्स जास्त लागतात. म्हणून कर्नलमध्ये पीटरसन ठेवला नाही, 'अ‍ॅमोस्वॅप' या सूचनेवरचा स्पिनलॉक (लॉक मिळेपर्यंत जागीच फिरत राहणारा) आला : मेमरीत १ टाका आणि जुनी किंमत परत घ्या, एकाच अखंड सूचनेत. ० परत आला तर लॉक तुमचा. लॉक घेण्याआधी त्या कोअरचे इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून दुसरा कोड (हँडलर) चालवणारे इशारे, बंद करायलाच हवेत. समजा टिकच्या काउंटरचा लॉक हातात असताना टायमर इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरला तोच लॉक हवा आहे. मग तो कोअर स्वतःचीच वाट बघत कायमचा फिरत बसतो.

स्वॅपवाल्या लॉकमध्ये पाळीची हमी नसते. माझ्याकडे एखादा कोअर पुन्हापुन्हा लॉक पटकवायचा आणि बाकीचे ताटकळायचे. तिकीट लॉकनं ते थांबलं. बँकेतल्या टोकनसारखं आहे : 'अ‍ॅमोअ‍ॅड' या अखंड मिळवणीच्या सूचनेनं नंबर घ्या, आपला नंबर पुकारला जाईपर्यंत थांबा. चारही कोअरचे आकडे जवळजवळ सारखे यायला लागले. लिनक्सनंही एक्स८६वर २००८ मध्ये, २.६.२५ आवृत्तीत, हाच मार्ग धरला होता.

पण क्यूईएमयूला लॅपटॉपच्या खऱ्या कोअरपेक्षा जास्त कोअर द्यायला सांगितलं आणि तिकीट लॉक रांगायला लागला. ज्याचा नंबर लागलाय त्याच कोअरचा थ्रेड लॅपटॉपच्या शेड्युलरनं बाजूला ठेवलेला असतो आणि मागची सगळी रांग खोळंबते. स्वॅपवाल्या लॉकमध्ये निदान जो जागा आहे तो पुढे जातो. शिवाय सगळे एकाच कॅश लाइनवर (कोअरजवळच्या वेगवान मेमरीतल्या एका तुकड्यावर) नजर ठेवून फिरतात, त्यामुळे लॉक सोडला की सगळ्यांकडच्या त्याच्या प्रती बाद. लिनक्सनं २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत रांगवाले स्पिनलॉक आणले, त्यामागे ही कॅशची दगदग होतीच.

आता एमसीएस लॉक. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांची ही १९९१ ची रचना, ज्यात प्रत्येक कोअर स्वतःच्याच चलावर थांबतो. लॉक सोडताना तुलना करून अदलाबदल करावी लागते, ती मी रिस्क-फाइव्हच्या 'एलआर' (वाचून नजर ठेवा) आणि 'एससी' (मध्ये कुणी बदललं नसेल तरच लिहा) या सूचनांच्या जोडीनं लिहितोय. रांगेचं शेपूट आपणच आहोत असं वाटत असताना मागून कुणी नुकताच जोडला जात असेल, तर त्याचा दुवा दिसेपर्यंत थांबावं लागतं. सध्या तेवढाच भाग बाकी आहे. रिस्क-फाइव्हवर कुणी हे केलं असेल तर तिथे फेन्स नेमके कुठे ठेवलेत ते जरूर सांगा.