जाम घाटातून महेश्वर: वळणावर विझणारे मीटरचे दिवे

इंदूरहून महेश्वरला बहुतेक जण हायवेने मानपूर-धामनोदमार्गे जातात. आम्ही पावसाळ्यात महूवरून जाम घाटाचा रस्ता धरला, आणि माझ्या जुन्या मोटरसायकलच्या मीटरचे दिवे का विझतात हे याच रस्त्यामुळे कळलं.

दिवे बरेच दिवस मधूनच जात-येत होते. गॅरेजमध्ये गाडी उभी केली की सगळं ठीक, त्यामुळे बल्ब बदलण्यापलीकडे कुणी काही करत नव्हतं. पहाटे अंधारात निघालो. राऊ-महूच्या पट्ट्यात खड्डे चिक्कार, पण दिवे एकदाही गेले नाहीत. घाट सुरू झाला, धुकं दाटलं आणि प्रत्येक डाव्या वळणावर मीटर काळं पडू लागलं. हँडल सरळ झालं की पुन्हा उजेड.

इथेच अर्धं निदान होतं. बल्ब किंवा होल्डर सैल असता तर खड्ड्यात फडफडला असता. हँडल वळल्यावर दिवा जातो, म्हणजे दोष हँडलच्या गळ्याशी, जिथे वायरिंग रोज वाकतं.

जाम दरवाजापाशी थांबलो. अहिल्याबाईंच्या काळातली ही वास्तू. इथे माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड पसरतो. गाडी मेन स्टँडवर घेतली, लाइट चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मीटरचा दिवा आणि हाय बीमचा निळा दिवा एकदम जात; न्यूट्रलचा हिरवा मात्र जागचा हलेना. माझ्या गाडीत या दोन दिव्यांना करंट वेगवेगळ्या वायरने येतो, पण अर्थ वायर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) दोघांची एकच आहे. न्यूट्रलला अर्थ इंजिनावरच्या स्विचमधून मिळतो. मग संशय कुणावर घ्यायचा हे उघड होतं.

मावसभावाने हँडल डावीकडे धरून ठेवलं, मी वायरी एकेक करून दाबल्या. मीटरची अर्थ वायर बाहेरून धडधाकट, आत मात्र तारा तुटलेल्या, तांबं हिरवं पडलेलं. मूळ कारण म्हणजे कुणीतरी सगळं वायरिंग चेसिसला पट्टीने करकचून बांधलं होतं. पट्टी कापली, खराब तुकडा काढला, मध्ये नवी वायर जोडून थोडी ढील ठेवली आणि टेप गुंडाळली. इंदूरला परतल्यावर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, कारण नुसती पिळलेली जोडणी ओलाव्यात टिकत नाही.

तुम्ही निघणार असाल तर पक्कड, टेप, हातभर वायर, फ्यूज आणि मीटरचा एक बल्ब सोबत ठेवा. मल्टिमीटर असेल तर लाइट चालू असताना मीटरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमधला व्होल्टेज पाहा. ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग कुठेतरी खराब आहे. सगळे दिवे, हॉर्नसकट, एकदम जात असतील तर आधी बॅटरीचे टर्मिनल, फ्यूजचा होल्डर आणि चावीचा स्विच बघा. बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिनाला रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १४.५ च्या आसपास थांबायला हवा. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदला.

जुन्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, तर इंजिनाबरोबर वीज तयार करणाऱ्या कॉइलवर थेट चालतो, काहींत मीटरचा दिवाही. तो आयडलिंगला मंद होणं हा दोष नाही, त्यासाठी वायरिंग उघडू नका.

पेट्रोल महूतच भरा. घाट उतरल्यावर मंडलेश्वर, आणि तिथून महेश्वर अगदी जवळ. परतायला संध्याकाळ झाली तर धुक्यातल्या घाटाऐवजी धामनोदचा हायवे घ्या. रस्ता रुंद आहे आणि गाडी बंद पडलीच तर मदत लवकर मिळते.