विश्वामित्री ते वाशिष्ठी : आमची वाटचाल

बडोद्यात दांडिया बाजारात बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस एका गिऱ्हाइकाने काउंटरवर मासेमारीचं रील, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायची चकरी, ठेवलं. "काका, आ तो फरतुंज नथी." कोकणातल्या खाडीत गळ टाकून तो नुकताच परतला होता. बाबांनी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं, तर आत पांढरं मीठ साचलेलं आणि बेअरिंग गंजून घट्ट बसलेलं. रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून सकाळी त्यांनी बारीक ब्रशने ते स्वच्छ केलं, तेलाचा थेंब सोडला, आणि रील फिरलं. आमचा धंदा इथून सुरू झाला.

पुढे त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. मी मात्र तोवर गळ हातात धरला नव्हता. ज्या पाण्याने ही रिलं बिघडतात ते पाहिल्याशिवाय हे काम नीट जमणार नाही, असं मला वाटू लागलं. समुद्र आम्हाला फार लांब नाही, पण खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरवर जातो. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ रोज भरतीत बुडतं. पाणी कायम गढूळ आणि ओढ जबर. हलक्या सामानाला ते मानवत नाही. म्हणून चिपळूणला मावशीकडे गेलो आणि गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीत बसलो. मगरी आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत आहेत तशा चिपळूणच्या वाशिष्ठीतही आहेत, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसू नये हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

होडीवाल्या काकांनी पहिले दोन तास गळ टाकूच दिला नाही. "पाणी सुकायला लागू दे," म्हणाले. ओहोटी लागली तसे खाजणातले, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतले, लहान फाटे रिकामे होऊ लागले. कोळंबी आणि बोयीची पिल्लं तिवरांच्या मुळांतून बाहेर ओढली जात होती, आणि फाट्याच्या तोंडाशी जिताडा हा मोठा शिकारी मासा दबा धरून होता. सात फुटी रॉड, २५०० मापाचं रील, सहा-सात किलोचा ताण सोसणारी विणलेली दोरी (ब्रेड लाइन), तिच्या पुढे जाड दोरीचा तुकडा (लीडर) आणि टोकाला दहा ग्रॅमचा जिग, म्हणजे वजन लावलेला नकली आमिषाचा गळ. मासा लागला तो थेट मुळांकडे धावला. वर काढल्यावर काकांनी त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा दाखवली. पात्यासारखी धार! लीडर जाड का लागतो, ते तिथे कळलं.

परतल्यावर आम्ही स्वतः जिग बांधायला घेतले. बायकोचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, दोऱ्याचा शेवटचा वेढा अजून तीच घालते. पहिल्या वर्षी एका पुरवठादाराने खाऱ्या पाण्याचे म्हणून दिलेले हूक मासा ओढताच सरळ होऊ लागले. गिऱ्हाइकांचे मासे सुटले. मला फार लागलं ते. विकलेला प्रत्येक जिग परत घेऊन पैसे दिले आणि ते वर्ष तोट्यात गेलं. तेव्हापासून हुकांच्या प्रत्येक लॉटमधले काही हूक सहा किलो वजन टांगून तपासतो आणि काही आठवडाभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतो.

दुरुस्ती आणि जिगबरोबर आम्ही गिऱ्हाइकांना वाशिष्ठीत गळ टाकायला घेऊन जातो. टाळेबंदीत या सहली बंद होत्या, तेव्हा दुरुस्तीनेच घर चाललं. रिलाच्या प्रत्येक डब्यात बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठीची झेरॉक्स असते : ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटावी ते ठरवणारा रिलाचा ब्रेक) आवळा, गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, वाळवा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. नळीचा जोराचा फवारा मारू नका, मीठ आणखी आत जातं. इतकं पाळलं तरी निम्मी रिलं आमच्याकडे यायची नाहीत. नाही आली तरी चालेल.

सहलींत एका गोष्टीवर मी अडून बसतो. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतो. म्हणजे मोठा जिताडा बहुधा मादीच. तो परत सोडायचा, फोटो काढायचा तोही पाण्याशी धरून. जून-जुलैत आम्ही जातच नाही. यावरून काही जण नाराज होऊन गेले, त्यांची मी समजूत काढली नाही.

दिवाळीनंतर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला, फेऱ्या ठरल्या आहेत. तेव्हा ओढ कमी असते आणि पाणी जरा निवळतं. एका होडीत दोघंच, आणि काका.