गादी कुठं घेऊन चाललात?

पुण्याहून मित्र आमच्या छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) आला तो हवा भरायची कयाक घेऊन. "तुमच्याकडं चारशे वर्षांची नहर आहे ना? वल्हवत जाऊ." ही नहर-ए-अंबरी (मलिक अंबरचा पाण्याचा कालवा) जमिनीखालून जाते, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. त्याची शिक्षा मलाच झाली. ते बोचकं दिवसभर माझ्याच सायकलच्या कॅरियरवर होतं.

हर्सूलपर्यंत डंपर, धूळ आणि "गादी कुठं घेऊन चाललात?" हा प्रश्न तीनदा. बाकी रस्ता लिहिण्यासारखा नाही.

पुढं बोरीच्या झुडपात एक बंब सापडला. नळांतली हवा बाहेर पडावी, पाण्याचा दाब ओसरावा म्हणून नहरीच्या वाटेवर असे मनोरे बांधलेत. चुना निखळलेला, माथ्यावर पिंपळाचं रोप. शेजारी शेळ्या राखणारी आजी.

"काय बघायलेत?"

"नहर बघायलो, आजी."

"बघायची न्हाई ती. कान लावा."

तिनं दाखवलेल्या भोकाला कान लावून मी पालथा झालो. आधी माझाच श्वास. मग खोल खाली, पलीकडच्या खोलीत कुणी सावकाश तांब्या भरावा, तसा आवाज. मित्रालाही झोपवलं. हा माणूस सिनेमागृहातही गप्प बसत नाही, पण तिथं दहा मिनिटं बोलला नाही. एक शेळी तेवढ्यात कयाकचा पट्टा चघळत होती.

मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं निजामशाहीचा कर्ताधर्ता. 1610 मध्ये त्यानं खडकी, म्हणजे आमचं हे शहर, वसवलं आणि नंतर डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारावर शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. आता वाटेत कितीतरी ठिकाणी नहरीच्या डोक्यावर प्लॉट पडलेत. एका बंबाला टेकून कुणीतरी संडास बांधलाय, वर रंगही दिलाय.

पाणचक्कीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिची नहर वेगळी, तीही हर्सूलकडूनच येते. पाणी उंच भिंतीवर चढून हौदात कोसळतं. याच पाण्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, वाटसरूंचं पीठ निघायचं. सेल्फीवाल्यांच्या गर्दीत मित्र हौदाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. रखवालदारानं आधी बोचक्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "न्हाई म्हणजे न्हाई."

घरी आलो तर आमच्या गल्लीत नळाचा आजही खाडाच, सहावा दिवस. मित्राला आंघोळीला अर्धी बादली दिली. कयाक गच्चीवर आहे, पट्ट्यावर शेळीच्या दातांच्या खुणा आहेत.